चौकात नाव कुणाचं लागतं?

प्रश्न असा आला आहे. विचारणाऱ्या ताई अलिबागकडच्या. त्यांचे पणजोबा १७ जुलै १९४७ ला भाऊच्या धक्क्यावर ‘रामदास’ बोटीत बसले, ते रेवसला उतरलेच नाहीत. ताई म्हणतात, ‘सहाशेवर माणसं एका सकाळी बुडाली. आमच्या घरात अजून गटारीला मटण शिजत नाही. पण मुंबईत कुणाला विचारलं तर म्हणतात, कुठली बोट? उलट दहा-पंधरा माणसं गेली अशा घटनांची स्मारकं आहेत, तिथे दरवर्षी हार पडतात. कुणाला लक्षात ठेवायचं हे ठरवतं तरी कोण?’

गेली सत्तावीस वर्षं मी गावोगावचे स्मृतिस्तंभ, नावांच्या शिळा, चौकातले फलक यांच्या नोंदी करतो आहे. कुठे नवं स्मारक व्हायचं असलं की यादी तपासायला बोलावणं येतं. त्या अनुभवावरून सांगतो. कुणी बसून ठरवत नाही, पण आपोआपही काही होत नाही. आणि मेलेल्यांचा आकडा मोठा म्हणून आठवण मोठी, हा हिशेब मला आजवर एकाही ठिकाणी जुळलेला दिसला नाही.

अर्धं उत्तर आपल्या बोलण्यातच आहे. माणूस कशा‘मुळे’ गेला आणि कशा‘साठी’ गेला, हे आपण वेगळं बोलतो. पुरामुळे, दरडीमुळे, चेंगराचेंगरीमुळे. देशासाठी, मराठी राज्यासाठी, गावच्या गुरांसाठी. ‘मुळे’ गेलेल्यांसाठी घर रडतं, ‘साठी’ गेलेल्यांना चौक मिळतो. सरकारी कागदावर दोघेही ‘मयत’च. पंचनाम्यात मयत, बातमीत मृत, घरातल्या तसबिरीखाली कै., आणि चौकात हुतात्मा किंवा शहीद. मयताचा हुतात्मा कसा होतो, कुणाचा होतो, कुणाचा राहून जातो, हे बघण्यातच माझी उमर गेली म्हणा ना.

ही खोड आजची नाही. जुन्या गावात देवळाच्या आवारात किंवा वेशीजवळ वीरगळ असते. शिळेचे तीन-चार कप्पे. खाली लढाई किंवा चोरांनी पळवलेली गुरं, मध्ये अप्सरा त्या वीराला वर नेताहेत, सगळ्यात वर तो शिवलिंगाची पूजा करतो आहे. मुंबईतही आहेत. बोरिवलीला एकसरच्या वीरगळांवर चक्क गलबतांची लढाई कोरलेली आहे. गावासाठी, गुरांसाठी, राजासाठी मेलेल्याला दगड मिळाला. दुष्काळात तडफडून मेलेल्या माणसाची शिळा मात्र मी कुठे पाहिलेली नाही. दुर्गादेवीचा दुष्काळ म्हणतात त्यात कितीतरी गावं ओस पडली. दुष्काळाचं नाव राहिलं, त्यात गेलेल्यांपैकी एकाचंही राहिलं नाही.

आता तीन चेंगराचेंगऱ्या शेजारी ठेवून बघा.

नागपूर, २३ नोव्हेंबर १९९४. विधिमंडळाचं हिवाळी अधिवेशन चालू होतं. अनुसूचित जमातीचे दाखले मिळावेत म्हणून गोवारी समाजाचा मोर्चा आला होता. बायका, लेकरं, म्हातारी माणसं, सगळी. पोलिसांनी लाठ्या उगारल्या, पळापळ झाली आणि ११४ जण तुडवले गेले. आज झिरो माइलजवळ त्यांचं स्मारक आहे. सीताबर्डीच्या उड्डाणपुलाचं नावच आदिवासी गोवारी शहीद उड्डाणपूल. दर २३ नोव्हेंबरला खेड्यापाड्यांतून माणसं येतात, स्मारकाला हात लावतात, डबा सोडून तिथेच जेवतात, संध्याकाळच्या गाडीनं परत जातात.

मांढरदेव, तालुका वाई, २५ जानेवारी २००५. शाकंभरी पौर्णिमा, काळूबाईची जत्रा. फोडलेल्या नारळांच्या पाण्यानं पायऱ्या निसरड्या झालेल्या, वाट चिंचोळी, दोन्ही बाजूंना दुकानं. माणसं घसरली, त्यांच्यावर माणसं पडली, दुकानांना आग लागली, सिलिंडर फुटले. जवळपास तीनशे जीव गेले. नागपूरच्या अडीच पट. चौकशी आयोग बसला, जत्रेच्या व्यवस्थेचे नियम आले, पशुबळीवर बंदी आली. पण ‘मांढरदेवचे शहीद’ असं कुणी म्हणत नाही. त्या पौर्णिमेला तिथे आजही लाखो माणसं जातात, ती काळूबाईसाठी.

तिसरी, एल्फिन्स्टन रोड स्टेशनच्या पुलावरची, २९ सप्टेंबर २०१७. दसऱ्याच्या आदल्या दिवसाची सकाळ, अवचित पाऊस, पुलावर खच्चून गर्दी. २३ जण गेले. त्यानंतर लष्कराला बोलावून नवा पादचारी पूल बांधून घेतला, तो पाच महिन्यांत उभा राहिला. पुढच्या वर्षी स्टेशनचं नावही बदलून प्रभादेवी झालं. नावबदलाची मागणी जुनी होती, तिचा अपघाताशी संबंध नव्हता, पण परिणाम असा की ज्या नावानं ती घटना सांगायची ते नावच आता पाटीवर नाही. रोज लाखभर माणसं तिथून जातात, गाडी पकडायची घाई असते, कोण थांबणार.

तिन्हीकडे बहुतेक माणसं सारखीच मेली, छातीवर भार येऊन, श्वास कोंडून. फरक एवढाच की नागपूरला आलेली माणसं काहीतरी मागायला आली होती. आणि ती मागणी मिटलेली नाही, हेही महत्त्वाचं. २०१८ मध्ये उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं गोवारींच्या बाजूनं निकाल दिला, डिसेंबर २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयानं तो फिरवला. म्हणजे प्रश्न तसाच. प्रश्न तसाच म्हणून स्मारकावर माणसं. उद्या दाखले मिळाले तर वीस वर्षांनी २३ नोव्हेंबरला किती जण येतील, हे मला खरोखर बघायचं आहे. हुतात्मा चौकात संयुक्त महाराष्ट्राच्या हुतात्म्यांना पुढारी फुलं वाहतात, पण सीमाप्रश्न पेटला असला की त्या दिवशी गर्दीचा रंग वेगळा असतो. बेळगाव-निपाणीकडचे हुतात्मेही त्या यादीत आहेत, आणि त्यांची गावं आजही महाराष्ट्रात नाहीत.

हुतात्मा चौकाचंच घ्या. २१ नोव्हेंबर १९५५ चा फ्लोरा फाउंटनजवळचा गोळीबार, मग जानेवारी १९५६ चे गोळीबार. आपण सहज ‘एकशे पाच हुतात्मे’ म्हणतो. कुणी १०६ सांगतं, कुणी १०७. इतकी जपलेली यादी, राज्याची स्थापनाच जिच्यावर उभी, तिच्यातही आकडा एक-दोननं हलतो. मग रामदासचा शंभरानं हलला तर नवल काय? गोळीबारात सापडणाऱ्यांत मोर्चात पुढे असलेले असतात, तसे नुसते काय चाललंय बघायला गॅलरीत आलेलेही असतात. एकदा चौक झाला की तो फरक पुसला जातो, आणि पुसला जातो ते बरंच आहे. ‘मुळे’ गेलेल्याला ‘साठी’त जागा मिळण्याची ती एकच वाट आहे.

पण ‘साठी’ असूनही भागत नाही. यादी लागते. माझ्या मते यादी सगळ्यात मोठी, आणि तिच्याबद्दल कुणी बोलत नाही.

१४ एप्रिल १९४४, मुंबई बंदर, व्हिक्टोरिया डॉक. ‘फोर्ट स्टिकीन’ जहाजात कापसाच्या गासड्या आणि चौदाशे टनांच्या आसपास स्फोटकं, दोन्ही एकत्र भरलेलं. दुपारी आग लागली. बंबवाले ती विझवायला धावले. चार वाजून गेल्यावर पहिला स्फोट, अर्ध्या तासानं दुसरा. गोदी उडाली, मांडवी-मस्जिद भागात आगी लागल्या. अग्निशमन दलाचे ६६ जवान गेले. त्यांचं स्मारक आहे, आणि देशभर १४ एप्रिल हा अग्निशमन सेवा दिन म्हणून पाळतात. त्या आठवड्यात दलाची माणसं छातीवर छोटा झेंडा टाचतात, निधी जमवतात. रास्तच आहे, ते आग विझवायला आत गेले होते, ‘साठी’ गेले होते.

पण त्या दिवशी मेलेले एकूण किती? अधिकृत आकडे सातशे-आठशेच्या घरातले, काही अंदाज तेराशेपर्यंत जातात. बाकीचे कोण? खलाशी, सैनिक, आजूबाजूच्या चाळींतली आणि वखारींतली माणसं, आणि गोदीत पाठीवर ओझी वाहणारे कामगार. ६६ हा आकडा एवढा पक्का का आणि बाकीचा एवढा सैल का? बंबवाल्यांचं हजेरीबुक होतं. संध्याकाळी हजेरी घेतली आणि कोण नाही ते कळलं. गोदी कामगार मात्र टोळीवाल्याच्या हाताखाली रोजावर यायचे. सकाळी गेटवर उभं राहायचं, टोळीवाला बोट दाखवील त्यानं आत जायचं. संध्याकाळी परत आला नाही तर मुकादमाच्या लेखी तो ‘आज आला नाही’. गोदी कामगारांच्या नोंदणीचा कायदा झाला तो १९४८ मध्ये, स्फोटानंतर चार वर्षांनी. ज्याचं नाव जिवंतपणी कुठल्या वहीत नव्हतं, त्याचं मेल्यावर दगडावर कुठून येणार? (१४ एप्रिल ही बाबासाहेबांची जयंतीही. त्या दिवशी मुंबईत निळे झेंडे घेऊन निघणाऱ्या कुणाचा आजा-पणजा गोदीत ओझी वाहत असेलच. त्या एका तारखेत दोन आठवणी आहेत, आणि एकमेकींची गाठ क्वचितच पडते.)

आता ताई, तुमची बोट. तिच्याकडे यातलं काहीच नव्हतं. पावसाळी समुद्र, काशाच्या खडकाजवळ वाऱ्या-लाटेनं बोट कलली, घाबरलेली माणसं एका बाजूला धावली आणि ती उलटली. बोटीवर बिनतारी यंत्र नव्हतं, त्यामुळे मुंबईला दुपार उलटेपर्यंत पत्ताच नाही. मुंबईकडे मासळी घेऊन निघालेल्या कोळी बांधवांनी मासळी समुद्रात टाकून माणसं वर ओढली, म्हणून काही वाचली. घरी सणाला निघालेली चाकरमानी माणसं, गिरणीतली, बाजारातली. कशा‘साठी’ मेली? गटारीसाठी घरी जाताना मेली, असं म्हटलं तर लोक हसतात, आणि ते हसू मी कानांनी ऐकलं आहे. तिकिटावर नाव नाही, म्हणून यादी नाही. मेले कुठे, तर समुद्रात. हार घालायला जागाच नाही. आणि २९ दिवसांनी देश स्वतंत्र झाला. पाठोपाठ फाळणीचा हाहाकार. वर्तमानपत्रांत रामदासला जागा उरली नाही. बोटी पुढे बुडाल्या की मागची बोट आठवते, तशी ती मधूनमधून आठवली जाते, एवढंच.

पण आठवण गेली असं म्हणू नका. तुमच्या घरात मटण शिजत नाही, हे स्मारकच आहे. आपल्याकडे घरच्या आठवणीची सोय फार बारकाईनं केलेली आहे. पितृपक्षात ज्याची तिथी माहीत त्याचं त्या तिथीला. सवाष्ण गेली तर अविधवा नवमी. शस्त्रानं, अपघातानं, घातानं गेलेल्यांची चतुर्दशी, पंचांगात ‘शस्त्रादिहत पितृश्राद्ध’ असं छापलेलं असतं. आणि ज्याची तिथीच माहीत नाही, प्रेतच मिळालं नाही, त्याला सर्वपित्री अमावास्या. कुणी सुटत नाही. घर कुणाला विचारत नाही की बाबा तू कशासाठी मेलास. ते फक्त चौक विचारतो.

यादीचं राजकारण गावात कसं चालतं ते एका ठिकाणचं सांगतो. नाव सांगत नाही. कोकणातली एक वाडी, पावसात दरड आली, घरं गेली. वर्षभरानं शिळा बसवायचं ठरलं आणि मला यादी बघायला बोलावलं. यादीत ३१ नावं. ती आली कुठून? मदतवाटपाच्या यादीतून. बहुतेक ठिकाणी असंच होतं, सानुग्रह मदतीची यादी हीच पुढे स्मारकाची यादी होते. मदतीच्या यादीत यायला रेशनकार्ड लागतं, मतदारयादीत नाव लागतं, वारस लागतो. मी घरोघर बसलो, कोण कुठे झोपलं होतं ते विचारत गेलो, तेव्हा आकडा ३३ निघाला. एक गुरं राखायला ठेवलेला पोर, दुसऱ्या तालुक्यातला, बारा-तेरा वर्षांचा. त्याचं आडनाव मालकालाही सांगता येईना. दुसरी माहेरपणाला आलेली लेक. वाडीतले म्हणाले, तिला आम्ही दिली, तिचं नाव सासरच्या गावानं लावावं. मी सासरी गेलो. ते म्हणाले, ती इथे कुठे मेली?

आणि दगड कोरणारा अक्षरामागे पैसे घेतो. हे ऐकून हसू नका, यादीवर त्याचा फार परिणाम होतो. बैठकीत पहिला ठराव झाला की प्रत्येक नावापुढचं ‘कै.’ काढायचं, एकतीस वेळा एक अक्षर आणि एक टिंब वाचतं. मग बापाचं नाव काढून नुसतं नाव-आडनाव. मग नावांच्या क्रमावर दोन बैठका. वयानं लावा, घरानं लावा, सरपंचाच्या भावकीचं घर आधी, वगैरे. एका म्हातारबाबांनी सुचवलं, दरड जशी खाली आली त्या क्रमानं लावा, वरच्या घराचं नाव वर. मला ते फार पटलं. झालं मात्र घरपट्टीच्या नंबरानं. शेवटी ३१ नावं लागली. मी भांडलो, पण पाहुण्यानं किती भांडायचं.

डोंगर कोसळून गेलेल्या गावांत माळीणचं नाव आपल्या तोंडी सहज येतं. ३० जुलै २०१४, आंबेगाव तालुका. एसटीचा चालक नेहमीच्या फेरीला आला आणि गावच जागेवर दिसेना, ही गोष्ट ज्यानं ऐकली तो ती विसरत नाही. १५१ जण गेले. २०२१ चं तळीये, ८७ माणसं, आत्ताच अंधूक झालं आहे. २०२३ च्या इर्शाळवाडीत २७ मृतदेह मिळाले, ५७ जण बेपत्ता राहिले आणि चार दिवसांनी शोध थांबवून जागा तशीच ठेवली. ती ठाकरांची वाडी. रस्ता नसलेल्या डोंगरावर स्मारक केलं तरी हार घेऊन चढणार कोण? एसटीच्या रस्त्यावरचं गाव लक्षात राहतं, चालत जायचं गाव विसरलं जातं, हे मी उगाच म्हणत नाही.

‘बेपत्ता’ हा शब्द आला म्हणून मुंबईचं एक मोठं प्रकरण सांगायला हवं, ते टाळून हा विषय प्रामाणिकपणे बोलताच येत नाही. डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ च्या दंगलींत श्रीकृष्ण आयोगाच्या हिशेबानं ९०० माणसं मेली, ५७५ मुसलमान, २७५ हिंदू, बाकी अनोळखी व इतर. १२ मार्च १९९३ च्या बॉम्बस्फोटांत २५७ गेले. दोन्ही एकाच शहरात, तीन-चार महिन्यांच्या आत. बॉम्बस्फोटांची तारीख शहराला पाठ आहे, खटला चालला, शिक्षा झाल्या, दरवर्षी छायाचित्रं छापून येतात. दंगलीची तारीख विचारा. लोक ‘त्या डिसेंबरात’, ‘त्या जानेवारीत’ म्हणतात. बॉम्ब बाहेरून आलेल्या शत्रूनं ठेवला असं म्हणता येतं, त्यामुळे सगळं शहर एका बाजूला उभं राहू शकतं. दंगलीची शिळा कुठल्या नाक्यावर बसवायची? त्या नाक्यावर मारणारे आणि मेलेले दोघांचेही शेजारी राहतात. शिळा बसली की ‘कुणी मारलं’ हा कप्पाही कोरावा लागतो. म्हणून शहरानं सगळ्यात सोपा मार्ग घेतला, ते गप्प बसलं.

त्यात १६८ जण बेपत्ता. बेपत्ता माणसाचा मृत्यूचा दाखला मिळत नाही, कायद्यानं सात वर्षं वाट बघायची, दाखला नाही तर भरपाई नाही, भरपाई नाही तर यादीत नाव नाही. नोव्हेंबर २०२२ मध्ये, म्हणजे तीस वर्षांनी, सर्वोच्च न्यायालयानं सरकारला सांगितलं की या बेपत्तांचे वारस शोधा आणि पैसे द्या. तीस वर्षांत वारसांचे पत्ते बदलले, झोपडपट्ट्या उठल्या, टॉवर झाले. न्यायालयाच्या आदेशानं यादी पूर्ण झाली तरी ती फायलीत राहील. तरी मी म्हणेन, फायलीत असणंही कमी नाही. पन्नास वर्षांनी कुणीतरी फाइल उघडतं.

तारखेचं एक उदाहरण मला नेहमी छळतं, ११ जुलै. १९९७ च्या ११ जुलैला घाटकोपरच्या रमाबाई आंबेडकर नगरात बाबासाहेबांच्या पुतळ्याच्या विटंबनेवरून लोक रस्त्यावर आले, राज्य राखीव दलानं गोळ्या झाडल्या, दहा जण गेले. २००६ च्या ११ जुलैला संध्याकाळी पश्चिम रेल्वेच्या गाड्यांत अकरा मिनिटांत सात स्फोट झाले, १८० हून जास्त गेले. आता दोन्हीकडे जाऊन बघा. रमाबाई नगरात स्मारक आहे, त्या दिवशी वस्ती जागी असते, गाणी होतात, भाषणं होतात, मेलेल्यांची नातवंडं नावं सांगतात. लोकलच्या स्फोटांची आठवण माहीमसारख्या स्टेशनवर काही कुटुंबं येऊन फुलं वाहतात, शेजारून गाड्या जात असतात. दहांची आठवण मोठी आणि १८० ची लहान का, हाच ताईंचा प्रश्न आहे. रमाबाई नगरातले लोक पुढेही वर्षानुवर्षं तिथेच एकत्र राहिले. लोकलच्या पहिल्या वर्गाच्या डब्यातली माणसं एकमेकांना ओळखतही नव्हती. विरार, भाईंदर, बोरिवली, मीरा रोड, जो तो आपल्या स्टेशनवर उतरणार होता. डबा हे गाव नाही. त्यांना एकत्र बांधणारा एकच धागा होता, तो म्हणजे खटला, आणि २१ जुलै २०२५ ला उच्च न्यायालयानं बाराही आरोपींना निर्दोष ठरवलं. प्रकरण पुढे सर्वोच्च न्यायालयात गेलं आहे. पण एकोणीस वर्षं ‘न्याय होईल’ म्हणून तारीख धरून ठेवलेल्या कुटुंबांचं त्या दिवशी काय झालं असेल, ते वेगळं सांगायला नको.

२६/११ ची गोष्ट लांबवत नाही, ती सगळ्यांना ठाऊक आहे. एवढंच बघा की १६६ पैकी ५८ जण सीएसएमटीवर गेले, एकतृतीयांशाहून जास्त. पण डोळे मिटले की दिसतो तो ताजचा घुमट. ताजला तिथे गेलेल्यांच्या नावांचं स्मारक आहे, गिरगाव चौपाटीवर तुकाराम ओंबळे यांचा पुतळा आहे. स्टेशनवर लांबच्या गाडीची वाट बघत बोचक्यांवर बसलेल्यांची नावं तुम्हाला किती येतात? मलाही दोनच येतात, आणि माझा तर हा धंदा आहे.

आता ज्यात ‘साठी’ नव्हतं, यादी नव्हती, पुढारी नव्हता, तरी आठवण टिकली असंही एक पाहिलं आहे. १८९६ मध्ये मांडवीत प्लेग आला. तो ओळखणाऱ्या डॉ. अकासियो व्हिएगस या गोव्याच्या डॉक्टरांचा पुतळा मेट्रो सिनेमाजवळ आहे. पुण्यात प्लेग म्हटलं की रँड आणि चापेकर आठवतात. रुग्णांची सेवा करता करता गेलेल्या सावित्रीबाई आठवतात. पण गाठ येऊन मेलेली हजारो माणसं? त्यांच्यासाठी सरकारनं काही केलं नाही. वांद्रे, गिरगाव, माझगावच्या ईस्ट इंडियन, म्हणजे मुंबईच्या मूळच्या मराठी बोलणाऱ्या ख्रिस्ती समाजाच्या आळ्यांत मात्र कोपऱ्याकोपऱ्यावर दगडी क्रूस आहेत. त्यांतले कितीतरी प्लेगच्या दिवसांत, साथ टळावी म्हणून उभे केलेले. काहींवर साल आहे, नाव एकाचंही नाही. पण संध्याकाळी त्यांच्यापुढे मेणबत्ती असते. आळीनं मेणबत्ती लावायचा पायंडा पाडला, तो सव्वाशे वर्षं चालला. कोविडचा असा एकही दिवस, एकही कोपरा आपण ठरवलेला नाही. एकट्या महाराष्ट्रात सरकारी आकड्यानं १ लाख ४८ हजारांवर माणसं गेली. गंमत म्हणजे या वेळी यादी आहे, पन्नास हजारांच्या सानुग्रह मदतीमुळे जवळजवळ प्रत्येक नाव कुठल्यातरी पोर्टलवर आहे. तारीख नाही आणि कोपरा नाही.

म्हणून ताई, तुम्ही स्मारक मागत फिरू नका, निदान आधी तरी. आमदाराकडे गेलात तर तो हो म्हणेल, फोटो काढेल, चौथरा होईल आणि त्यावर त्याचं नाव तुमच्या पणजोबांच्या आधी लागेल. आधी यादी करा. रेवस, मांडवा, सासवणे, अलिबाग, पेण, गावागावांतल्या घरांत विचारा, गटारीला कुणाकडे मटण शिजत नाही. तुमची यादी तिथे आहे. नाव, वय, गाव, मुंबईत काय काम करायचा, बरोबर कोण होतं. ज्यांनी माणसं वाचवली त्या कोळीवाड्यांतही जा, त्यांनी वर काढलेल्यांची नावं त्यांना माहीत असतील-नसतील, पण कुठे काढली ते सांगतील. ऐकीव आणि खात्रीचं वेगळ्या शाईनं लिहा. आकड्यावरून वाद घालू नका. दरवर्षी १७ जुलैला पाच माणसं धक्क्यावर जाऊन ती यादी मोठ्यानं वाचा, पाऊस असेलच, छत्री न्या. सात-आठ वर्षं हे केलंत की वर्तमानपत्रवाले आपण होऊन येतील.

आणि यादीच्या शेवटी ओळी मोकळ्या सोडा. दगड करायची वेळ आली तर दगडावरही सोडा. त्या कोकणातल्या वाडीत मी हे सांगितलं होतं, पैसे वाचवायला त्यांनी लहान दगड घेतला आणि तो ३१ नावांनी भरून गेला. चौदा वर्षांनी एक तरुण मुलगी तिथे आली. माहेरपणाला आलेल्या त्या लेकीची मुलगी, त्या रात्री ती सासरी आजीपाशी होती म्हणून वाचली. पहिल्या पगाराचे पैसे घेऊन आली होती. या वेळी कुणी काही बोललं नाही. गुराखी पोराचंही लावा, असं तीच म्हणाली, त्याचं आडनाव नाही तर नाही. पुढच्या बाजूला जागाच नव्हती, म्हणून ती दोन नावं शिळेच्या डाव्या कडेवर उभी कोरली आहेत. वाचायला मान वाकडी करावी लागते.